बाळसेदार अंकुर

कोपऱ्यावरच्या दुकानात तिला ‘भिंगवाली’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण दुकानच एवढंसं होतं की पाठीमागे बोललेलं तोंडावर बोलल्यासारखंच ऐकू यायचं. ती बिस्किटांचा पुडा उचलायची, गळ्यातल्या दोरीला अडकवलेलं भिंग पदराने पुसून डोळ्याला लावायची आणि पुड्याच्या पाठीवरचा मुंगीच्या पावलांसारखा मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची. मागे रांग खोळंबायची.

“ताई, उद्या पेपर आहे का?” दुकानदार विचारायचा.

“रोजच असतो,” ती मान वर न करता म्हणायची.

“मागच्या आठवड्यात हाच पुडा वाचला होतात.”

“मागच्या आठवड्यात कारखान्याने काय घातलं होतं ते वाचलं. या आठवड्यात काय घातलंय ते वाचतेय.”

यावर दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाला खुणेनेच सांगायचा, की बाबा रे, वेळ लागणार आहे, टेकून उभा राहा.

तिच्या मुलीला अंडं चालत नव्हतं. ‘चालत नव्हतं’ हा शब्द फारच सौम्य झाला. मुलगी दीड वर्षाची असताना तिने मोठ्या कौतुकाने अर्धवट उकडलेल्या अंड्याचा पहिला चमचा भरवला, आणि दुसरा भरवायच्या आत पोरीचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि श्वासाला शीळ वाजायला लागली. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. अर्ध्या शहराच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून जायच्या आणि नेमकी त्या दिवशी स्वतःच्या इमारतीतली बंद होती. पोरीला खांद्यावर टाकून तो जिना कसा उतरला ते त्याला आजही आठवत नाही. दवाखान्यात सुई टोचली, शीळ थांबली, पोर डोळे उघडून बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, आजपासून अंडं बंद.

बंद म्हणायला डॉक्टरांचं काय जातं. अंडं काय नेहमी अंड्यासारखं दिसतं होय? ते पावाच्या चकाकीत असतं, केकमध्ये असतं, शेवयांत असतं, सॉसमध्ये असतं, कधी कधी तर औषधाच्या बाटलीतही असतं. तेव्हापासून तिचं भिंग आणि ती. वाढदिवसांना मुलगी स्वतःचा डबा घेऊन जायची. सहलीला मुलीबरोबर आई जायची. मुलीचं घरातलं नाव चिऊ. त्यावरून बाप म्हणायचा, “चिऊ म्हणायचं आणि अंड्याला शिवू द्यायचं नाही, असं घर दुसरं मिळायचं नाही.” ती हसायची नाही. काही गोष्टींवर तिला हसू येतच नसे.

खरं तर ती वनस्पतिशास्त्राची पदवीधर. कॉलेजात असताना तिला सगळ्यात जास्त काय आवडायचं, तर भिजवलेलं बी पात्याने उभं चिरून आत बघायचं. आत काय असेल, हा प्रश्न तिला कुठल्याही बंद वस्तूबद्दल पडायचा. पुढे त्या प्रश्नाचं काय झालं ते आपण दुकानात पाहिलंच. कुतूहल तेच, फक्त आता त्याला धाक लागला होता.

चिऊ पंधराची झाली, शाळेतून एकटी यायला लागली, घराची किल्ली मागायला लागली, आणि भिंगवालीला दुपार खायला उठली. तेव्हा तिने एक जाहिरात वाचली. एका प्रयोगशाळेला ‘चिकाटी आणि बारीक नजर असलेली’ मदतनीस हवी होती.

प्रयोगशाळा म्हणजे जुनं शीतगृह. लांबलचक इमारत, बारीक खिडक्या, जाड दारं. आत शिरलं की कानांना गार लागायचं. तिथल्या मुख्य शास्त्रज्ञ बाईंना सगळे मॅडम म्हणत. मॅडमनी तिची प्रमाणपत्रं बाजूला ठेवली, काळ्या बशीत चिमूटभर पिवळसर चुरा ओतला आणि हातात चिमटा दिला.

“यातले गव्हाचे अंकुर वेगळे करून दाखवा. हवं तर तिकडचं भिंग घ्या.”

“माझं आहे,” असं म्हणून तिने गळ्यातलं भिंग काढलं. मॅडम तेव्हा जे हसल्या, ते तिचं नेमणूकपत्रच होतं.

गव्हाच्या दाण्याच्या टोकाशी एक बारीक पिवळा ठिपका असतो. तो अंकुर, म्हणजे उद्याचं रोप. बाकीचा दाणा, ज्याचं पीठ होतं, तो पांढरा भाग म्हणजे त्या रोपाची शिदोरी. गिरणीतून दाणे भरडून आले की ते एका द्रवात टाकायचे. अंकुर हलके, ते वर तरंगतात, बाकीचं बुडतं. तरंगलेले गोळा करायचे, वाळवायचे, आणि मग काचेखाली दिवा असलेल्या टेबलावर पसरून एकेक निवडायचे. काळपट नको, फुटके नको, कोंडा नको, पांढरं चिकटलेलं नको. निवडलेले अंकुर गार पाण्याने धुवायचे, अतिथंड द्रवात गोठवून कुटायचे आणि गरगर फिरवून त्यांतला पिवळट रस काढायचा. या रसासाठी सगळी उठाठेव.

“रसाचं काय करायचं?” तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

“त्याला काम सांगायचं,” मॅडम म्हणाल्या. “असं समजा, पेशी म्हणजे घर. आपण घराच्या भिंती पाडल्या, पण आतलं स्वयंपाकघर तसंच चालू ठेवलं. घरमालक नाही, त्यामुळे काय रांधायचं ते सांगणारं कुणी नाही. मग आपण चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर ज्याची कृती, तो पदार्थ.”

“गव्हाचाच ना?”

“गव्हाचा कशाला? स्वयंपाकघराला काय कळतंय कृती कुणाची ते. या, दाखवते.”

अंधाऱ्या खोलीत मॅडमनी निळा दिवा लावला. एका छोट्या नळीत तोच रस होता, त्याला रात्रभर एका समुद्री प्राण्याची कृती देऊन ठेवली होती. जेलीफिशच्या अंगात चमकणारं एक प्रथिन असतं, त्याची. निळ्या उजेडात नळी हिरवीगार पेटली. शेतात उभं राहून वाऱ्याने डुललेला गहू, ज्याने समुद्र कधी बघितला नाही, तो जेलीफिशसारखा चमकत होता.

ती इतका वेळ बघत राहिली की मॅडमना दिवा बंद करावा लागला.

त्या दिवशी घरी गेल्यावर तिने भाजी फोडणीला टाकली आणि सगळं सांगायला सुरुवात केली. भाजी लागली. घरातल्यांनी ती निमूट खाल्ली, कारण आईला एवढं बोलताना त्यांनी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

“मग तो रस जिवंत म्हणायचा की मेलेला?” चिऊने विचारलं.

“तेच तर मला कळत नाहीये,” ती म्हणाली, आणि तिला त्यात फार आनंद झालेला दिसला.

निवडायच्या टेबलावर तिच्याबरोबर एक गृहस्थ असत. आयुष्यभर पिठाच्या गिरणीत काढून निवृत्त झालेले, म्हणून गिरणीकाका. ते तिला पोरी म्हणत. निवडण्याचा वेग तिचा दुप्पट, पण बोलण्यात ते पुढे. दोघांचं निवडलेलं एकाच डब्यात पडायचं. रस निघायचा, नळी हिरवी व्हायची. दोन वर्षं अशी गेली.

मग अंड्याचं काम आलं.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने अंडं न चालणाऱ्या मुलांसाठी एक नवी रक्ततपासणी करून बघायचं ठरवलं होतं. अंड्याच्या पांढऱ्यात बरीच प्रथिनं असतात, त्यांतली दोन महत्त्वाची. एक उष्णतेने मोडतं. दुसरं कितीही भाजा, आपला हेका सोडत नाही. ज्या मुलाचं शरीर फक्त पहिल्यावर चिडतं, त्याला नीट भाजलेलं अंडं बहुधा चालतं. दुसऱ्यावर चिडत असेल, तर नाव काढायचं नाही. पण कुठल्या मुलाचं वैर कुणाशी, हे कळायचं तर दोघं वेगवेगळे हातात हवेत. अंड्यातूनच काढायला गेलं तर एकाला दुसऱ्याचा अंश चिकटून येतोच. गव्हाच्या रसात मात्र ज्याची चिठ्ठी दिली तेवढंच बनतं. गव्हात दुसरं अंडं येणार कुठून?

चिऊने दोघांची नावं ठेवली. पहिलं भित्रं, दुसरं निगरगट्ट.

चिऊ आता सतरा वर्षांची होती आणि तिला जमीन मोजायला शिकायचं होतं. मोजणी, नकाशे, तिपाईवरची दुर्बीण. त्या विद्येची चांगली संस्था दुसऱ्या शहरात होती, प्रवेशही मिळाला होता. पण तिथे वसतिगृह, आणि वसतिगृह म्हटलं की खाणावळ.

“तिथल्या स्वयंपाक्याला भिंग कोण देणार?” भिंगवाली म्हणाली.

“मी बोलेन ना त्याच्याशी,” चिऊ म्हणाली.

“तू बोलशील. तो ऐकेल का? आणि ऐकलं तरी त्याच्या मदतनिसाने तोच झारा इकडून तिकडे घातला तर?”

“आई, तुझ्या डोक्यात एक स्वयंपाकी राहतो. तो जगातला सगळ्यात निष्काळजी माणूस आहे.”

बापाने मध्यस्थी केली. चिऊने रुग्णालयाच्या तपासणीत नाव घालायचं. निगरगट्टाशी वैर निघालं, तर इथल्याच कॉलेजात काहीतरी शिकायचं. नाही निघालं, तर जायचं. दोघींनी मान्य केलं. चिऊने ताबडतोब, आईने दुसऱ्या दिवशी. मॅडमना तिने सगळं सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, “नमुन्यांवर नावं नसतात, कुठला कुणाचा ते आपल्याला कळणार नाही. प्रथिनं मात्र वेळेवर पोचवायला हवीत. तपासणी सुरू झाली की त्यांत मागाहून भर घालत नाहीत.” आणि वसतिगृहातली खोली महिनाअखेरीपर्यंतच राखून ठेवणार होते.

भित्रं प्रथिन जुन्या रसातच झकास तयार झालं. निगरगट्टासाठी ताजा रस काढायचा होता. त्याच सुमाराला गिरणीकाका मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेले. ती एकटी निवडायला बसली. इतक्या मन लावून तिने आयुष्यात काही निवडलं नव्हतं.

रस निघाला. रिवाजाप्रमाणे आधी त्याला जेलीफिशची चिठ्ठी दिली. सकाळी अंधाऱ्या खोलीत निळा दिवा लावला. नळी काळी.

पुन्हा केलं. पुन्हा काळी. मॅडमनी चिठ्ठी बदलून पाहिली, क्षार बदलून पाहिले, फ्रीजचा पारा तपासला. डोळ्यावर पट्टी असलेल्या गिरणीकाकांनी फोनवरून निदान केलं, “पाणी बदललं असणार. पाणी बदललं की पीठसुद्धा रुसतं.” पाणी बदललं नव्हतं.

घरी ती ताटावर बसून राहिली. नवऱ्याने विचारलं, “लिफ्ट बंद पडली की मी पहिलं काय बघतो, ठाऊक आहे?”

“वीज.”

“ती बघतोच. पण पुष्कळदा वीज असते, मोटर ठणठणीत असते, दोर शाबूत असतो. फक्त कुठल्या तरी मजल्यावर दार नीट लागलेलं नसतं. दार उघडं असताना लिफ्ट हलू नये म्हणून एक कळ असते, ती धरून बसते. लोक म्हणतात बिघाड. बिघाड नसतो तो, राखण असते.”

तिने ताटावरून मान वर केली. काहीतरी कमी पडतंय, असंच आतापर्यंत सगळे धरून चालले होते. काहीतरी जास्त असेल तर?

सकाळी तिने मॅडमना विचारलं, “जुन्या चांगल्या रसात या नव्याचा एक थेंब टाकून बघायचा का? नव्यात काही कमी असेल, तर जुना आपलं काम करेलच. पण नव्यात काही वाईट असेल…”

“तर जुनाही बंद पडेल,” मॅडम म्हणाल्या. “मी आज तेच करणार होते. बरं झालं, आता तुम्हीच करा.”

तिने केलं. दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत दोघी शेजारी शेजारी वाकल्या. नुसत्या जुन्या रसाची नळी हिरवी. जुन्यात नव्याचा थेंब टाकलेली नळी काळी. एका थेंबाने सगळं स्वयंपाकघर बंद पाडलं होतं. वाईट बातमी होती, पण तिच्या अंगावर काटा आला तो नुसत्या भीतीचा नव्हता. बी उभं चिरल्यावर यायचा, तसा होता.

“निवडलेले अंकुर उरलेत का थोडे?” मॅडमनी विचारलं.

उरले होते. मॅडमनी ते दिव्याच्या टेबलावर पसरले, स्वतः भिंग लावलं आणि एकेक उलटून बघितला.

“ताई, हे तुम्ही कशावरून निवडलेत?”

“चांगले बघून. काळपट नाही, फुटका नाही. आणि मोठं पांढरं चिकटलेलं होतं ते सगळं काढलंय.”

“आणि हे?” मॅडमनी चिमट्याने एक उचलला. गोलसर, भरलेला, बुडाशी पांढऱ्याची नखाच्या कडेएवढी चकती. “हे सगळेच असे आहेत.”

“ते बाळसेदार आहेत,” ती म्हणाली. “हे दुसरे बघा ना, कसे रोडके. अगदी पाप्याची पितरं. म्हटलं, निवडायचेच तर अंगाने भरलेले…”

बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं.

ज्याला ती बाळसं म्हणत होती, ते अंकुराचं अंग नव्हतंच. ती शिदोरीची साय होती, दाण्याच्या पांढऱ्या भागाचा बारीकसा पापुद्रा. दोन वर्षं भराभर निवडताना तिच्या हाती बाळसेदार थोडेच यायचे, त्यांत गिरणीकाकांचे रोडके मिसळायचे, म्हणून निभावलं. काका रजेवर गेले, ती मन लावून निवडायला बसली, आणि डब्यात फक्त तिची गुटगुटीत पोरं पडली.

“पण पांढरा भाग तर त्याचंच जेवण,” ती म्हणाली. “जेवणाने असं कसं होईल?”

मॅडमनी स्टूल ओढलं. तिच्या चुकीचा विषय असा मागे पडला की जणू दोघी नवीनच काही शिकायला बसल्या होत्या. “त्या पांढऱ्यात एक प्रथिन असतं. त्याचं काम एवढंच, की स्वयंपाकघरातल्या शेगड्या एकेक करून कायमच्या विझवायच्या.”

“स्वतःच्याच?”

“अख्ख्या दाण्यात दोघं वेगवेगळ्या खोल्यांत असतात, त्यामुळे काही बिघडत नाही. कुणी दाणा चिरडला तरच त्यांची गाठ पडते. आपण चिरडतो.”

“पण दाण्याने ते ठेवलंय कशाला?”

“राखण असावी, असं म्हणतात. कीड, बुरशी यांच्यापासून. नक्की कुणालाच सांगता येत नाही.”

“म्हणजे शिदोरी बांधणाऱ्यानेच तिच्यात ते घालून ठेवलंय.”

“तसंच म्हणा,” मॅडम म्हणाल्या, आणि मग हळूच, “महिनाअखेर जवळ आली, ताई. गिरणीतून नवा माल मागवते. पाच दिवस लागतील यायला.”

घरी तिने काही लपवलं नाही. चिऊ ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने ताट सरकवलं.

“म्हणजे तू मुद्दाम केलंस.”

“मुद्दाम कसं करीन? तुझ्याच तपासणीचं काम ते.”

“तुला ठाऊक नसेल. पण केलंस.”

“चिऊ,” बाप म्हणाला.

“बाबा, तुम्हीच बघा. हिला सगळं जग रोडकं दिसतं. मी सतरा वर्षांची घोडी झाले, तरी ही माझ्या ताटात बघते.”

भिंगवालीने खरंच तिच्या ताटात बघितलं होतं, अर्धी पोळी राहिली होती म्हणून. तिने नजर उचलली. मग उठून भांडी घासायला घेतली.

नवा माल यायचा होता त्या पाच दिवसांत तिने एक उद्योग केला. टाकून द्यायच्या अंकुरांतले थोडे बाळसेदार आणि थोडे रोडके एका कागदात बांधून घरी आणले, दोन बश्यांत ओला कापूस पसरला, एकीत हे, दुसरीत ते, आणि बश्या खिडकीत ठेवल्या. का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. बघायचं होतं, एवढंच. तेच तिच्याकडून कितीतरी वर्षांत झालं नव्हतं, की बघायचं आहे म्हणून बघायचं.

दोन्ही बश्यांत मोड फुटले. रोडके जरा आधीच उठले. मग ते थांबले. बाळसेदार आणखी थोडे वर गेले, टाचणीएवढे हिरवे झाले, आणि मग तेही माना टाकून आडवे पडले.

चिऊने येता जाता बघितलं होतं. आईशी अबोला होता, पण कुतूहल तिला आईकडूनच आलेलं. “दोन्ही मेले की,” ती म्हणाली.

“शिदोरी कुणाचीच पुरी नव्हती. ह्यांना मुळीच नाही, त्यांना घासभर.”

“मग मातीत का नाही लावलेस?”

“मला बघायचं होतं ना.”

“बशीत जेवढं दिसतं तेवढंच दिसणार,” चिऊ म्हणाली आणि निघून गेली. अबोला मोडल्याचं दोघींच्याही नंतर लक्षात आलं.

माल आला. गिरणीकाका डोळ्याला नवी काच बसवून हजर झाले. टेबलाशी बसता बसता म्हणाले, “पोरी, आता मला तुझी चूक आधीपेक्षा लख्ख दिसते.”

“दिसू द्या. निवडा.”

“रोडकं निवडू ना?”

“काका.”

“विचारून घेतलेलं बरं,” ते म्हणाले आणि पुढचा सगळा दिवस त्याच विनोदावर काढला.

यावेळी तिने भिंग उलटंच वापरलं म्हणायचं. जो डोळ्यात भरेल तो बाजूला. गुटगुटीत दिसला की चिमटा आपोआप त्याच्याकडे जायचा, आणि प्रत्येक वेळी हाताला वळवून आणावं लागायचं. हडकुळे, चकचकीत, कुठेही पांढरं न लागलेले अंकुर डब्यात पडत गेले. जीव तुटत होता, पण हात चालू होता. मग पाण्यामागून पाणी बदलत धुतले. मॅडमनी रस काढला. सकाळी अंधाऱ्या खोलीत निळा दिवा लावला. नळी हिरवीगार पेटली.

त्या रसाला कोंबडीची चिठ्ठी दिली. ना खुराडं, ना कोंबडी, ना टरफल. गव्हाच्या रसाने निगरगट्ट बनवलं. तयार झालेल्या थेंबभर पाण्याकडे भिंगवाली बघत राहिली. याच्याच भीतीने तिने इतकी वर्षं अख्खी दुकानं वाचून काढली होती. ते नळीत होतं, पाण्यासारखं स्वच्छ, आणि तिच्या हातचं होतं. गाडी रुग्णालयाकडे गेली.

चिऊचं रक्त इतर मुलांबरोबर तपासलं गेलं. निकाल सांगायला डॉक्टरांनी तिघांना बोलावलं.

“पहिल्यावर रक्त चिडतंय. दुसऱ्यावर नाही.”

“म्हणजे भाजलेलं चालेल,” चिऊ म्हणाली.

“म्हणजे चालेल असं वाटतंय. तपासणी नवी आहे, तिच्या शब्दावर मी कुणाला घरी जाऊन खा म्हणणार नाही. इथे बसून, आमच्यासमोर खायचं.”

ठरलेल्या सकाळी रुग्णालयाच्या एका खोलीत पलंगावर चिऊ बसली. शेजारी परिचारिका, ट्रेमध्ये औषध भरून ठेवलेली सुई. रुग्णालयाच्या भटारखान्यातून बशीत बिस्किटं आली. अंडं पिठात मळून, आतपर्यंत खरपूस भाजलेली. भिंगवालीचा हात गळ्याकडे गेला. पण बशीतल्या बिस्किटाला पुडा नव्हता. वाचायला काहीच नव्हतं.

परिचारिकेने एक कण मोडून दिला. चिऊने तोंडात टाकला. मग थांबायचं. मग त्याहून मोठा तुकडा. मग थांबायचं. भिंगवाली मुलीच्या ओठांकडे बघत होती. पापणीसुद्धा हलत नव्हती.

“आई, खिडकीबाहेर बघ.”

“बाहेर काय आहे?”

“मला काय माहीत. तू बघ आणि सांग.”

ती खिडकीशी गेली. समोर वाहनतळ होता. एक माणूस मोटारीची काच पुसत होता. पुसून झाली की लांब जाऊन बघायचा आणि परत येऊन पुसायचा. तिने ते सगळं सांगितलं. मग निळी मोटार आली ती सांगितली. पाठीमागे कुरकुर कुरकुर आवाज येत राहिला, आणि शीळ काही वाजली नाही.

“संपलं,” परिचारिका म्हणाली. “अख्खं खाल्लं. आता दुपारपर्यंत बसा, मग सुट्टी.”

भिंगवाली वळली. ओठ जिथल्या तिथे होते. मुलगी बोटाने दातात अडकलेलं काढत होती. तिला मिठी मारावी, रडावं, डॉक्टरांचे पाय धरावेत, असं काय काय तिने इतकी वर्षं मनात घोकून ठेवलेलं. आणि तोंडातून निघालं ते वेगळंच.

“कसं लागलं?”

चिऊने विचार केला. “कोरडं.”

“एवढ्यासाठी एवढं?” बाप म्हणाला, आणि तोंड पुसायच्या निमित्ताने रुमाल डोळ्यांना लावला.

महिनाअखेरीच्या आत चिऊ गेली. कच्चं, अर्धवट शिजलेलं, आम्लेट, वरून लावलेली चकाकी, हे सगळं अजून वर्ज्यच होतं, म्हणून सुई बरोबर दिली, कागद दिले, डबे दिले. सामान गाडीत चढवून झाल्यावर चिऊने आईच्या गळ्यातली दोरी काढून आपल्या गळ्यात घातली.

“हे मला लागेल. तू प्रयोगशाळेतलं वापर.”

“ते जड आहे.”

“मग मान ताठ राहील.”

थोड्या दिवसांनी, दुपारी, दिव्याच्या टेबलाशी ती आणि काका निवडत बसले होते तेव्हा फोन आला. एरवी ती कामात फोन घेत नसे. काकांनीच डोळ्याने खूण केली, घे म्हणून.

“आई, इथे सकाळी पाव असतो, त्यावर चकाकी आहे.”

“मग?” तिने विचारलं.

“स्वयंपाक्याला विचारलं. अंडं वरून लावतात म्हणाला. म्हणून पाव सोडला. बिस्किटांचं विचारलं, तर ते पिठातच मळतात, भट्टीत भाजतात. एक मोडून बघितलं, आतून कोरडं होतं. मग खाल्ली. दोन.”

“खाल्लीस? कधी?”

“मघाशी.”

“आधी मला का नाही विचारलंस?”

“तू नको म्हणाली असतीस.”

भिंगवालीने टेबलावर बघितलं. एक बाळसेदार अंकुर चिमट्यात तसाच धरलेला होता. “म्हणाले असते,” ती म्हणाली.

“म्हणून आता सांगतेय.”

काकांनी कान टवकारले होते, त्यांच्याकडे तिने पाठ केली. मुलीच्या आवाजात शीळ आहे का ते ऐकलं. नव्हती. पुन्हा एकदा ऐकलं. मग बाळसेदाराला टाकायच्या बशीत ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकून विचारलं,

“बरं. स्वयंपाकी कसा आहे?”

“तुझ्या डोक्यातल्यापेक्षा बरा,” चिऊ म्हणाली.